जॅझ गिटारवर नुसती साथ करायला कसं शिकायचं? सोलो नकोय, कॉर्डच

हिंजवडी_रिटर्न

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

वय ४१. गिटार कॉलेजपासून वाजवतो, म्हणजे गणपतीत आणि ट्रिपला वाजवतात ती, ओपन कॉर्ड, बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून पकडतात ते), अडलं की कॅपो, किशोर-आरडी सगळं निघतं आणि लोक गातात, त्यामुळे गेली वीस वर्षं मी अशा समजुतीत होतो की मला गिटार येते. आता झालंय असं की ऑफिसातला एक जण बास वाजवतो, त्याच्या ओळखीनं एरंडवण्यात एका बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी सकाळी काही लोक जमतात तिथं जायला लागलो. बास, ड्रम, कीबोर्ड आणि एक सॅक्सोफोनवाले काका जे बँकेतून रिटायर झालेत. सगळे जॅझ वाजवतात आणि बऱ्यापैकी वाजवतात.

पहिल्या रविवारी समोर एक पान ठेवलं. बत्तीस बारचं (बार म्हणजे चार बीटचं एक माप) गाणं आणि कॉर्ड मोजले तर चाळीसच्या वर. मी आपले सगळे बार कॉर्ड पकडून खाली-वर खाली-वर नेहमीचं स्ट्रमिंग लावून दिलं. तिसऱ्या मिनिटाला डाव्या हाताचा अंगठा बधिर. सॅक्सवाले काका काही बोलले नाहीत, पण चहाच्या वेळी कीबोर्डवाला अगदी गोड आवाजात म्हणाला, "तू सहाही तारा का वाजवतोस?" मी म्हटलं मग किती वाजवू, तर म्हणाला "दोन." मला वाटलं टोमणा मारतोय, घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिलाही तसंच वाटलं. पुढच्या रविवारी कळलं की तो मनापासून बोलत होता.

तर प्रश्न असा की ही जी मागून साथ करतात, कॉम्पिंग म्हणतात बहुतेक, ती शिकायला सुरुवात कुठून करायची? मला सोलो वाजवायची हौस अजिबात नाही. मला फक्त त्या खोलीत नकोसा वाटू नये एवढंच हवंय. गिटार साधी आहे, पिकअपवाली अकूस्टिक, जिला दुकानदार सेमी अकूस्टिक म्हणतात. वेळ रोजचा अर्धा तास, तोही मुलगी झोपल्यावर.

तिसरी_घंटा

सोप्पंय. ड्रॉप टू आणि ड्रॉप थ्री व्हॉइसिंग, चारही इन्व्हर्जन, मेजर मायनर डॉमिनंट हाफ डिमिनिश्ड डिमिनिश्ड, बाराही स्केलमध्ये, तारांच्या तिन्ही सेटवर पाठ कर. माझ्याकडे चारशे कॉर्डची पीडीएफ आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पाठवतो. सहा महिन्यांत हाकानाका.

हिंजवडी_रिटर्न

चारशे?? धन्स, पण माझा अर्धा तास रोजचा आहे हो.

कॅम्पातला_म्हातारा

पीडीएफ पाठवू नका हो त्याला. पोहायला शिकायला आलेल्याच्या हातात खडकवासला धरणाचा नकाशा दिल्यासारखं होईल.

हिंजवडी, तुझा कीबोर्डवाला भला माणूस आहे, त्याला पुढच्या वेळी चहा तू पाज. मी ८२ ते ९१ कॅम्पातल्या आणि स्टेशनजवळच्या हॉटेलांत बँडमध्ये गिटार वाजवली आहे. आमचे सर गोव्याचे. उमेदीच्या काळात मुंबईत दिवसा फिल्मचं रेकॉर्डिंग आणि रात्री हॉटेलात जॅझ असं आयुष्य काढलेले, गोव्याची बरीच मंडळी तेच करायची, चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे, सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनकडे, आपण जी हिंदी गाणी म्हणून गुणगुणतो त्यांच्या मागं हीच माणसं आहेत. असो, अवांतर झालं. तर सरांनी पहिल्या दिवशी माझी गिटार मागितली, पहिली आणि दुसरी तार सोडवली, दोन्हीची नीट गुंडाळी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. म्हणाले, महिन्यानं माग. मी तसाच चार तारांची गिटार घेऊन सायकलवरून घरी आलो, वडील म्हणाले फी भरली आणि सामान कमी झालं.

पण त्या महिन्यात जे आलं ते नंतरच्या दहा वर्षांत आलं नाही. जॅझमध्ये कॉर्डची ओळख तिसऱ्या आणि सातव्या सुरात असते. मूळ सूर बासवाला देतो. पाचवा सूर बहुतेक वेळा काही नवीन सांगत नाही. मग उरले दोन. तुझा कीबोर्डवाला म्हणाला ते हेच दोन.

आता गिटार हातात घे. हे तीन कॉर्ड:

डी मायनर सेव्हन: पाचवी तार पाचवा फ्रेट (मानेवरच्या पट्ट्यांमधलं घर), चौथी तार तिसरा, तिसरी तार पाचवा.
जी सेव्हन: सहावी तार तिसरा, चौथी तार तिसरा, तिसरी तार चौथा. मधली पाचवी वाजू द्यायची नाही, सहावी दाबणाऱ्या बोटाचं टोक तिला हलकं टेकव.
सी मेजर सेव्हन: पाचवी तार तिसरा, चौथी तार दुसरा, तिसरी तार चौथा.

याला शेल म्हणतात, नुसतं टरफल. टू-फाइव्ह-वन म्हणतात ते हे तीन कॉर्ड आणि तुझ्या त्या पानावरच्या चाळीस कॉर्डांपैकी निम्म्याहून जास्त हेच असतील, फक्त वेगवेगळ्या जागी सरकवलेले. आता मूळ सुराची जाड तार विसर आणि फक्त चौथी-तिसरी बघ. ३-५, मग ३-४, मग २-४. दर वेळी एकच बोट हललं आणि तेही एकच फ्रेट. तू बार कॉर्ड पकडून पूर्ण हात उचलून इकडून तिकडं उड्या मारत होतास, अंगठा बधिर होईल नाही तर काय.

हे आठवडाभर कर. बाकी काही करू नकोस. आणि तारा काढायच्या की नाही ते तुझं तू ठरव, मी काढायला सांगीन.

पेटीवाली

काकांच्या पोस्टला +१०००. तारा खिशात घालणारे सर मिळायला नशीब लागतं.

मी मूळची हार्मोनियमवाली, लहानपणापासून पेटी शिकले, भजनाला आणि विद्यालयातल्या मुलांना साथ करते. लॉकडाऊनमध्ये भावाची गिटार घरी पडून होती ती उचलली आणि जॅझच्या नादाला लागले, त्यामुळे माझ्या डोक्यात हे सगळं सरगममध्येच बसतं आणि मला वाटतं आपल्याकडच्या माणसाला ते जास्त पटकन कळतं, म्हणून लिहितेय.

प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर म्हणजे सा धर. मग काका म्हणतात ते दोन सूर म्हणजे ग आणि नी. मेजर सेव्हन म्हणजे दोन्ही शुद्ध. डॉमिनंट सेव्हन म्हणजे ग शुद्ध, नी कोमल. मायनर सेव्हन म्हणजे दोन्ही कोमल. संपलं. तीन घराणी. हाफ डिमिनिश्ड मात्र मला पचायला वेळ लागला, कारण आपल्याकडे पंचम अचल, तो कधी हलत नाही असं लहानपणापासून घोटून घेतलेलं आणि इथं साहेब पंचमालाच खाली उतरवतात. पहिल्यांदा वाजवला तेव्हा चप्पल घालून देवघरात गेल्यासारखं वाटलं होतं.

आपल्या लोकांची खरी अडचण वेगळीच आहे. आपला सा एकदा तानपुऱ्यावर लागला की रात्रभर तोच. इथं सा दर बारला बदलतो. म्हणजे सूर तोच राहतो आणि त्याचं नाव बदलतं, लग्न झाल्यासारखं. काकांचेच तीन कॉर्ड घे. डी मायनरमध्ये एफ हा ग आहे. जी सेव्हन आला की तोच एफ जागचा हलत नाही पण आता तो नी झाला. आणि डी मायनरचा जो नी होता, सी, तो अर्धा सूर उतरून बी होतो आणि जी चा ग बनतो. पुढं सी मेजरला परत तोच खेळ, बी जागेवर राहून ग चा नी होतो, एफ उतरून ई होतो आणि नी चा ग होतो. एकदा हे गळ्यातून गा. खरंच गा, बाथरूममध्ये गा. मला बोटांआधी गळ्यात बसलं होतं.

कॅम्पातला_म्हातारा

पेटीवाली ताई, हे "नाव बदलतं" मी चाळीस वर्षं बोटांनी केलं पण असं सांगता आलं नसतं. वा.

हिंजवडी, याच्यावरूनच पुढचा धडा घे, ब्लूज. बी फ्लॅटमध्ये कर, सॅक्सवाल्यांना ती सोयीची. तीनच कॉर्ड आणि तीनही डॉमिनंट. चौथी-तिसरी तार फक्त: बी फ्लॅट सेव्हनला ६-७, ई फ्लॅट सेव्हनला ५-६, एफ सेव्हनला ७-८. दोन बोटं, आकार एकच, एक फ्रेट खाली किंवा एक फ्रेट वर. ही दोन बोटं तिरकी ठेवून तू अख्खा बारा बारचा ब्लूज वाजवू शकतोस. मूळ सूर नाही वाजला तरी बासवाला आहे तिथं. सर म्हणायचे, बासवाल्याच्या ताटातलं खाऊ नकोस.

मुठेकाठी

मला संगीतातलं शष्प कळत नाही पण धागा वाचायला मजा येतेय. एक भाबडा प्रश्न, जॅझसाठी ती मोठी पोकळ गिटार लागते ना, एफसारखी भोकं असलेली? हा माणूस अकूस्टिकवर कसा वाजवणार?

तिसरी_घंटा

तिला आर्चटॉप म्हणतात. चांगली हवी तर खिसा रिकामा होतो. पण लागतेच असं काही नाही, कॅनडाचा एड बिकर्ट आयुष्यभर टेलिकास्टरवर (भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार) जॅझ वाजवायचा आणि डोळे मिटून ऐकलं तर कुणी सांगणार नाही की ती टेलिकास्टर आहे. इलेक्ट्रिक असेल तर गळ्याकडचा पिकअप घ्यायचा आणि टोनचा नॉब निम्म्याच्या खाली आणायचा. अकूस्टिकला आवाज फार चकचकीत येतो, तेव्हा प्रीअँपवर ट्रेबल उतरव आणि नखाऐवजी जाड पिक किंवा अंगठा वापर. वेस माँटगोमेरी सगळं अंगठ्यानंच वाजवायचा.

पण माझा एक मुद्दा राहतो. सगळे म्हणतायत कमी वाजव कमी वाजव. मग फ्रेडी ग्रीनचं काय? काउंट बेसीच्या बँडमध्ये माणूस पन्नास वर्षं प्रत्येक बारच्या चारही बीट वाजवत बसला. एक बीट सोडला नाही. ते कमी आहे का?

कॅम्पातला_म्हातारा

घंटा, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. १९३७ ला बेसीच्या बँडमध्ये आला आणि १९८७ ला गेला तोपर्यंत तिथंच. चारही बीट वाजवायचा हे खरं. पण काय वाजवायचा ते ऐक. अँप नाही. गिटारच्या तारा इतक्या उंच की आपल्याला दाबवणार नाहीत. आणि कॉर्ड म्हणून हात पकडलेला दिसायचा तरी प्रत्यक्षात वाजणारा सूर बऱ्याच वेळा एक किंवा दोन, तेही मधल्या तारांवर, बाकी तारा बोटानं मारून टाकलेल्या. पुढं सगळा ब्रास ओरडतोय, त्यात याची गिटार वेगळी अशी ऐकू येतच नाही, पण काढून टाकली तर बँड लंगडा होईल. म्हणजे बीट चार आणि सूर एक. कमीच झालं की.

शिवाय ती मोठ्या बँडची पद्धत. चार-पाच जणांत ड्रमवाला आणि बासवाला असताना चारही बीट ठोकत बसलास तर सगळ्यांचा श्वास कोंडतो. पण सराव म्हणून मात्र उत्तम आहे, रोज पाच मिनिटं, सगळे डाउनस्ट्रोक, आणि प्रत्येक कॉर्ड वाजला की डाव्या हाताची पकड सैल करायची म्हणजे आवाज तुटतो. हात तारेवरून उचलायचा नाही, नुसता सैल. दोन आणि चारवर किंचित जोर.

डाव्या_हातचा

कीबोर्डवाल्यांची बाजू मांडायला आलोय, कृपया हलके घ्या.

गिटारवाल्याचं आणि आमचं का जमत नाही ते सांगतो. काकांनी सांगितलेल्या चौथ्या-तिसऱ्या तारेवरच्या त्या जागा आहेत ना, तिथंच माझा डावा हात असतो. अगदी तेच सूर, मधल्या सी च्या आसपास. म्हणजे दोघं एका खुर्चीवर. त्यात मी जी सेव्हनवर कोमल रे लावला आणि त्याच क्षणी गिटारवाल्यानं हौसेनं शुद्ध रे लावला की अर्ध्या सुराची टक्कर, पुढं उभा असलेला सॅक्सवाला मागं वळून बघतो आणि दोष कुणाचा ते त्याला कळत नाही, म्हणून तो दोघांकडे बघतो. आम्ही दोघं ड्रमवाल्याकडे बघतो.

उपाय एकच, आधी बोलून घ्या. आमच्याकडे आता ठरलंय, सॅक्सच्या सोलोला पहिल्या दोन फेऱ्या गिटार, पुढच्या दोन मी. ज्याची पाळी नाही त्यानं हात मांडीवर ठेवायचे. मांडीवर हात ठेवणं हीसुद्धा कला आहे आणि बऱ्याच गिटारवाल्यांना ती येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे गिटारनं ताल धरायचा आणि रंग पियानोनं भरायचा. ऑस्कर पीटरसनच्या त्रिकुटात १९५३ ते ५८ हर्ब एलिस होता तेव्हा ड्रम नव्हतेच, पियानो, गिटार आणि रे ब्राउनचा बास. ते ऐका, गिटार ड्रमचं काम कसं करते ते कळेल. आणि उलट बघायचं तर १९६२ ला बिल एव्हान्स आणि जिम हॉलनं दोघांतच रेकॉर्ड केलं, नुसता पियानो आणि गिटार. त्यात एका पळत्या गाण्यात पियानोच्या सोलोमागं जिम हॉल चारही बीट धरून चालतो आणि पियानो त्याच्या खांद्यावर बसून मजा करतो. मी ते ऐकून गिटारवाल्यांना माफ केलं.

हिंजवडी_रिटर्न

मंडळी, तीन आठवडे झाले, अहवाल देतोय. तारा काढल्या. होय, दोन्ही. मुलीनं विचारलं बाबा गिटार मोडली का. गुंडाळी करून रबर लावून फ्रिजवरच्या डब्यात ठेवल्यात.

शेल बसले. ३-५, ३-४, २-४ तर आता झोपेत येतं, आणि तेच दोन फ्रेट वर, पाच फ्रेट वर असं सरकवून त्या पानावरचे निम्मे कॉर्ड खरंच निघाले, काकांचा अंदाज बरोबर होता. पेटीवाली ताईंचं गाणं पण चालू आहे, बायको म्हणते निदान आधी शब्द तरी असायचे.

पण नवीन अडचण. कॉर्ड येतात पण ताल येत नाही. म्हणजे हात सतत हलवला तर ठीक चालतो, पण तुम्ही सगळे म्हणता तसं मधे थांबलो की वाटतं बार हरवला. मग भीतीनं परत सगळं भरून टाकतो. जागा सोडायची भीती वाटते असं काही असतं का?

कॅम्पातला_म्हातारा

असतं. सगळ्यांना असतं. त्यावर उपाय चार्ल्सटन. हा जुना नाचाचा ताल, १९२० च्या दशकातला, पण कॉम्पिंगची बाराखडी तोच आहे. तोंडानं मोज: एक-आन-दोन-आन-तीन-आन-चार-आन. पहिल्या "एक"ला एक फटका, थोडा लांब. मग दोननंतरच्या "आन"ला एक फटका, तोडलेला. बस. तीन आणि चार पूर्ण रिकामे. त्या रिकाम्या जागेत पाय चालू ठेव आणि तोंडानं मोजत राहा, हात गप्प. बार हरवत नाही, बार पायात असतो.

दुसरं, मेट्रोनोम. ६० ला लाव पण त्याची टिक एकला धरू नकोस, दोन आणि चारला धर. म्हणजे गाणं १२० चं झालं आणि एक आणि तीन तुझे तुला शोधायचेत. पहिले दोन दिवस डोकं उठेल. टिक आपोआप एकवर सरकते, लबाड असते. ती परत दोनवर ढकलायची.

हे जमलं की तोच चार्ल्सटन जागा बदलून वाजव. पूर्ण अर्धा बीट पुढं ढकल, म्हणजे एकनंतरच्या "आन"ला सुरुवात. मग एक बीट पुढं. आणि शेवटी चारनंतरच्या "आन"ला पुढच्या बारचा कॉर्ड आधीच मारायचा, पाहुणा बेल वाजवायच्या आत दार उघडल्यासारखा. स्विंगचा अर्धा जीव त्या एका फटक्यात आहे.

पेटीवाली

जागा सोडायच्या भीतीबद्दल. लहानपणी बाबांबरोबर सवाईला जायचे तेव्हा आप्पा जळगावकरांची साथ भीमसेनजींबरोबर ऐकली आहे. मला तेव्हा वाटायचं पेटीवाले नुसते गायकाच्या मागं मागं वाजवतात, त्यात काय. नंतर स्वतः साथीला बसले तेव्हा कळलं की सगळा खेळ गायक श्वास घेतो त्या क्षणात आहे. तो श्वास घेताना तुम्ही जागा भरायची आणि तो परत सुरू झाला की अशा बेतानं मागं सरायचं की कुणाला कळू नये तुम्ही पुढं आला होतात. तुमचे सॅक्सवाले काकाही श्वास घेतातच की. तिथं वाजवा. ते वाजवत असताना ऐका.

फक्त एक गफलत करू नका जी मी केली. पेटी गायकाच्या सुरांच्या मागं मागं जाते, त्याचीच तान पुन्हा म्हणते. कॉम्पिंगमध्ये तसं केलं की सगळा विचका. मी पहिल्या जॅममध्ये सोलो वाजवणाऱ्याचेच सूर त्याच्यामागं वाजवत बसले होते आणि मला वाटत होतं किती छान साथ करतेय. त्यानं नंतर विचारलं, तुम्ही माझी नक्कल का करत होतात. सूर धरून ठेवायचं काम पेटीचं पण फटका द्यायचं काम तबल्याचं, असं दोन्ही मिळून काहीतरी आहे हे. ठेका धरून बसणारा तबला नव्हे, गायकाशी बोलणारा.

तिसरी_घंटा

ताई, मी पीडीएफ डिलीट केली. 🙏 (खोटं बोललो, पण या धाग्यावर पुन्हा नाव काढणार नाही.)

तरी ड्रॉप टू कधी ना कधी शिकावंच लागेल हां हिंजवडी. चार सूर एकमेकांना लागून रचायचे आणि वरून दुसरा सूर सप्तकभर खाली टाकायचा, एवढंच असतं. सी मेजर सेव्हन वरच्या चार तारांवर ५-५-५-७. बार टाकला की झालं. वाजवून बघ, गोड लागतो.

हिंजवडी_रिटर्न

वरच्या दोन तारा डब्यात आहेत हो 😂

डाव्या_हातचा

फुटलो.

हिंजवडी_रिटर्न

दोन महिन्यांनी परत. धागा वर काढतोय, माफी.

मधे पाऊस लागला आणि रोजचा अर्धा तास गेला, ऑफिसातून यायलाच दोन तास लागत होते. फेज दोनपासून वाकडच्या पुलापर्यंत गाडी मुंगीच्या पावलानं. पण तिथं एक शोध लागला. गाडीचा वायपर. त्याचा एक फेर म्हणजे दोन, पुढचा म्हणजे चार, आणि स्टिअरिंगवर बोटानं चार्ल्सटन. काका म्हणाले तसा तो लबाड आहे, सिग्नलला क्षणभर लक्ष गेलं की एकवर सरकतो. शेजारच्या रिक्षावाल्यानं एकदा काच खाली करायला सांगितली आणि विचारलं, साहेब कुठलं गाणं लागलंय.

मागच्या रविवारी गेलो. कीबोर्डवाल्याशी आधी बोललो, डाव्या_हातचा म्हणतात तसं पहिल्या दोन फेऱ्या मला, पुढच्या दोन त्याला. बी फ्लॅट ब्लूज. मी फक्त ती दोन बोटं, ६-७ आणि ५-६, मूळ सूर नाहीच. पहिली फेरी नुसता चार्ल्सटन. दुसऱ्या फेरीत सॅक्सवाल्यांनी एक लांब ओळ घेतली आणि थांबले, आणि मला तो श्वास ऐकू आला, खरंच ऐकू आला, हवा आत घेतल्याचा आवाज. मी तिथं चारनंतरच्या "आन"ला ५-६ मारला. ड्रमवाल्यानं तो स्नेअरवर पकडला. एवढंच झालं. पण ड्रमवाला हसला आणि त्याच्या हसण्याकडे बघता बघता मी नवव्या बारला हरवलो ते थेट पुढच्या फेरीच्या एकला सापडलो. चार बार हात मांडीवर. कुणाच्या लक्षातही आलं नाही, उलट कीबोर्डवाला नंतर म्हणाला शेवटी सोडलेली जागा छान होती. मी खरं काय ते सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.

दुसऱ्या गाण्यात मात्र फजिती. पान वेगळंच, मधल्या भागात स्केल बदलली आणि मला एकही शेल आठवेना, परत बार कॉर्डवर गेलो, चार तारांच्या गिटारवर बार कॉर्ड कसा लागतो ते विचारू नका. थांबलो आणि ऐकत बसलो.

चहाच्या वेळी सॅक्सवाले पहिल्यांदाच माझ्याशी गिटारबद्दल बोलले. म्हणाले, "तुझ्या दोन तारा तुटल्यात, मी देऊ का? माझ्या मुलाच्या पडल्यात घरी." तीन महिने बघत होते बिचारे, मला वाटतं त्यांना वाटलं परिस्थिती नाही.

तर काका, तारा आता लावू का परत?

कॅम्पातला_म्हातारा

त्या मधल्या भागाचे कॉर्ड लिहून टाक इथं, बघू. आणि ब्लूजच्या दोन फेऱ्या फोनवर रेकॉर्ड करून टाक. ऐकून सांगतो.

हिंजवडी_रिटर्न

टाकतो. शनिवारी घरी सत्यनारायण आहे, रविवारी जॅमलाच रेकॉर्ड करतो.

पेटीवाली

सॅक्सवाल्यांच्या तारा घेऊन ठेव रे, नको म्हणू नकोस त्यांना.